दम आधी परत येतो, पाय मागाहून: बऱ्याच वर्षांनी पुन्हा धावायला लागताना शरीरात काय होतं

चतुर्थी झाली, नेवऱ्या खाऊन संपल्या, पाऊस जरा ओसरला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी शर्यतीचं पोस्टर टाकतं आणि मग आठवडाभर सगळ्यांना धावायचं असतं. २०१९ पासून आपल्या गोव्यात पणजीच्या मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत होते, म्हणजे एकाच दिवशी १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. ते बघून आपण तेवढं करायला जात नाही, पण निदान पाच किलोमीटर तरी धावता यावं असं मनात येतंच. आणि यायलाच हवं असं मला फार वाटतं, कारण २०२३ मध्ये आयसीएमआरचा जो देशभराचा मोठा अभ्यास छापून आला त्यात डायबेटिसच्या बाबतीत गोवा सगळ्यात वर होता, मोठ्या माणसांत २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे आपल्याकडे साधारण दर चौथ्या माणसाला. लग्नाच्या पंगतीत बसलात की आजूबाजूला बघा, आकडा खरा वाटतो.

तर लोक शूज घेतात, सुरू करतात. पहिल्या दिवशी तीनशे मीटरवर दम. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम बरं वाटायला लागतं, माणूस खूश होतो, अंतर वाढवतो. आणि मग सहाव्या-सातव्या आठवड्यात टाच धरते, नाहीतर नडगी दुखते, आणि डिसेंबरपर्यंत शूज परत कपाटात. हे मी इतक्या जणांचं बघितलंय, माझं स्वतःचंही हेच झालं, नऊ वर्षांच्या गॅपनंतर. मी फर्मागुडीच्या चढावर तिसऱ्या आठवड्यात न थांबता वर पोचलो त्या दिवशी इतका आनंद झाला की त्याच रविवारी आठ किलोमीटर धावलो, आणि पुढचे पाच महिने सकाळी बिछान्यातून उतरताना भिंत धरावी लागायची. तेव्हा मला कोणी हे समजावलं नव्हतं की दम आणि पाय एका वेगाने परत येत नाहीत. या लेखात तेवढंच नीट सांगायचंय, का ते, आणि मग करायचं काय ते.

दम लागतो म्हणजे नक्की काय कमी पडतं

बहुतेकांना वाटतं फुप्फुसं कमजोर झाली. धडधाकट माणसाची फुप्फुसं सहसा कमी पडत नाहीत, हवा आत येते, ऑक्सिजन रक्तात जातो, ते सगळं ठीक चाललेलं असतं. कमी पडतं ते पुढचं, म्हणजे हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं आणि ते रक्त पायाच्या मांसपेशीपर्यंत पोचून तिथे वापरलं किती जातं.

कुळागर, म्हणजे आपली पोफळीची बाग, डोळ्यासमोर आणा. वर झऱ्याला पाणी आहे, पण पाटात माती साचलीय, पोफळींच्या आळ्यांपर्यंत जाणाऱ्या बारीक वाटा बुजल्यात. वरून कितीही पाणी सोडा, शेवटची पोफळ सुकीच. बसून बसून आपलं असंच होतं. मांसपेशीत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात त्या कमी होतात, आणि पेशीच्या आत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या ज्या छोट्या चुली असतात, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, त्याही कमी होतात.

आता त्या चुलीत काय जळतं ते बघा. आमच्या आजीच्या चुलीत दोन प्रकारचं जळण असायचं. एक जाड ओंडका, जो हळू पेटतो पण तासन्‌तास जळतो, आणि एक सुकी चुडतां, म्हणजे माडाच्या वाळक्या झावळ्या, ज्या भक्कन पेटतात आणि दोन मिनिटांत राख. शरीरात चरबी म्हणजे ओंडका आणि साखर म्हणजे चुडतां. हळू चाललात की मुख्यतः ओंडका जळतो, त्याला ऑक्सिजन लागतो पण तो पुरतो. वेग वाढवलात आणि चुली कमी असल्या की शरीर चुडतां पेटवतं, पटापट, आणि त्यातून जो आम्लपणा तयार होतो तो निवळताना कार्बन डायऑक्साइड जास्त बनतो, तो बाहेर फेकायला श्वास भराभर चालतो. तोच तो दम.

म्हणजे दम लागणं ही शिक्षा वगैरे नाही, चुडतांवर गाडी चाललीय एवढाच निरोप आहे. (बायकांच्या बाबतीत एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, थोडं चाललं तरी दम लागत असेल, थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. रक्तच कमी असेल तर धावण्याचा दोष नाही.)

तीन आठवडे बिछान्यात आणि तीस वर्षं बाहेर

"आता या वयात काय परत येणार" हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं, म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डलासला विशीच्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं बिछान्यात झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरायची ताकद पाव भागाहून जास्त खाली आली. ही ताकद म्हणजेच ते व्हीओटू मॅक्स, जे हल्ली मनगटावरचं घड्याळ दाखवतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावलं. आता ते पन्नाशीचे, वजनं सरासरी वीस किलोहून जास्त वाढलेली. तपासलं तर तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान झालं होतं ते तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने झालेल्या नुकसानीपेक्षा कमी निघालं! मग त्यांना सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल असं हळूहळू वाढवत नेलं आणि त्यांची ताकद जवळजवळ विशीत होती तिथे परत आली. वजन मात्र साधारण साडेचार किलोच उतरलं होतं.

पाचच माणसं होती, त्यामुळे त्यावर सगळं जग उभं करू नये हे खरं. पण पन्नाशीला गेलेलं परत येतं, सहा महिन्यांत येतं, आणि वजन फारसं न उतरता येतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली असती तर मी ती नऊ वर्षं घालवली नसती.

मग दुखापत कुठून येते

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. रक्त वाढलं की हृदय एका ठोक्यात जास्त ढकलतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात एकदम हलकं वाटतं. मांसपेशीतल्या चुली आणि बारीक वाहिन्या वाढायला महिना-दोन महिने लागतात. इथपर्यंत सगळं छान.

पण मांसपेशीला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा म्हणतात तिला, टाचेच्या वर मागे हाताला लागते ती सगळ्यात जाड, तिच्यात रक्त फार कमी जातं. तिची वीण घट्ट व्हायला महिने लागतात, तीन, चार, कधी त्याहून जास्त. आणि हाडाचं तर उलटंच असतं. नवीन भार पडायला लागला की हाड आधी स्वतःचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं. जुन्या घराची चिऱ्याची भिंत दुरुस्त करताना बघितलीय ना, आधी झिजलेले चिरे काढतात, मग नवे बसवतात, आणि मधल्या दिवसांत भिंत आधीपेक्षा कमजोर असते, तिच्यावर कोणी छपराचं वजन वाढवत नाही. हाडाचा हा एक फेरा पुरा व्हायला साधारण तीन-चार महिने जातात.

आता दोन्ही शेजारी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम म्हणतो चल आठ किलोमीटर, आणि नेमकी त्याच वेळी भिंत उघडी पडलेली. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायावर येतो, किलोमीटरला हजाराच्या वर पावलं पडतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात टाच धरते ती यामुळे. माणूस म्हणतो माझे पाय खराब, माझं शरीर धावण्याचं नाही. पाय चांगले असतात, त्यांना वेळ मिळालेला नसतो.

म्हणून बरं वाटायला लागलं की तेव्हाच हात आखडता घ्यायचा, पहिले तीन-चार महिने तरी. हे मनाला फार जड जातं, मला माहीत आहे.

हळू म्हणजे किती हळू

हल्ली सगळे झोन टू, झोन टू करतात. हृदयाचा जास्तीत जास्त जो ठोका असतो त्याच्या ६० ते ७० टक्क्यांत चालणारी मेहनत, एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे ओंडका जळतो ती मेहनत. जास्तीत जास्त ठोका काढायला २२० मधून वय वजा करतात. पंचेचाळीस वय असेल तर १७५, त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे १०५ ते १२२. पण हे सूत्र म्हणजे सरासरी आहे, एखाद्या माणसाचा खरा आकडा दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असू शकतो. शिवाय मनगटावरचं घड्याळ कधीकधी ठोक्याऐवजी पावलांची लयच मोजून बसतं. आणि बीपीच्या काही गोळ्या ठोका मुद्दाम खाली ठेवतात, त्यांना हा आकडा लागूच नाही.

त्यापेक्षा सोबत कोणाला घ्या आणि बोला. काल बाजारात बांगडे काय भावाने होते, मुलाची परीक्षा कधी, असं अख्खं वाक्य मध्ये श्वास न तोडता बोलता आलं तर वेग बरोबर. तीन शब्दांवर थांबायला लागलं तर वेग जास्त. ही बोलण्याची कसोटी डॉक्टर लोकही मानतात, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

बऱ्याच जणांना सुरुवातीला धावलं की बोलता येतच नाही, कितीही हळू धावलं तरी. मग त्यांचा झोन टू म्हणजे भरभर चालणं, त्यात कमीपणा काहीच नाही. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड म्हणून कोच होता, त्याचा पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरला सुवर्णपदक घेऊन आला, म्हणजे पावणेदोन मिनिटांची शर्यत, आणि तयारी मात्र आठवड्याला शंभर मैलांच्या लांब धावण्यांची. त्याच लिडियार्डच्या प्रेरणेने ऑकलंडला साध्या माणसांचा, हृदयविकार होऊन गेलेल्यांचासुद्धा जॉगिंग क्लब सुरू झाला. १९६२ च्या डिसेंबरात बिल बॉवरमन नावाचा अमेरिकन कोच, जो पुढे नायकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला, तिथे पाहुणा आला आणि त्यांच्याबरोबर धावायला गेला. पन्नाशीचा गडी, धावण्यातला मोठा जाणकार, आणि थोड्याच अंतरात मागे पडला. सत्तरी ओलांडलेला, हार्ट अटॅक येऊन गेलेला एक म्हातारा त्याच्या सोबतीला मागे थांबला. बॉवरमन अमेरिकेला परत गेला आणि त्याने तिकडे जॉगिंग पसरवलं.

आता प्रत्यक्षात. पहिले तीन आठवडे नुसतं भरभर चालणं, अर्धा तास, आठवड्यात चार दिवस. मग त्यात एक मिनिट धावायचं दोन मिनिटं चालायचं असं सहा-सात वेळा, एक दिवसाआड, लागोपाठ दोन दिवस धावायचं नाही. मग धावण्याची मिनिटं वाढवत न्यायची. नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर असा एक प्रसिद्ध कार्यक्रम आहे, तो वाईट नाही, पण चाळिशीनंतर मोठ्या गॅपने येणाऱ्याने तो खुशाल सोळा आठवड्यांचा करावा, एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करावा. आणि धावण्याच्या मधल्या दोन दिवशी घराच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, हळूहळू, पंधरा-पंधरा वेळा, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस. कंडरेला धावण्यापेक्षा हे जास्त लवकर कळतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनत आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, मिनिटं वाढवत वाढवत तिथवर पोचायचं, पहिल्याच आठवड्यात नाही.

रस्ता सोडून पायवाट का

मला विचाराल तर गोव्यात राहून फक्त डांबरावर धावणं म्हणजे घरात विहीर असताना बाटलीतलं पाणी विकत आणणं. आपल्याकडे सडे, म्हणजे जांभ्याचे उघडे माळ, आहेत, कुळागरांतून जाणाऱ्या वाटा आहेत, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतांचे, बांध आहेत, काजूच्या बागांतल्या चढणी आहेत. पावसाळ्यात सड्यावर जी बारीक निळी-पिवळी फुलं येतात ती बघत चालायला माणसं लांबून येतात.

पण सौंदर्याचं सोडा, शरीरासाठी फायदा वेगळा आहे. डांबरावर प्रत्येक पाऊल मागच्यासारखंच पडतं, त्याच जागी तोच जोर, हजारो वेळा. पायवाटेवर एक पाऊल दगडावर, एक मातीत, एक मुळाच्या अलीकडे, भार विभागला जातो. घोट्याच्या आजूबाजूच्या ज्या बारीक मांसपेशी खुर्चीत बसून झोपी गेल्यात त्या जाग्या होतात. डोळे न वळवता पाय कुठे आहे हे शरीराला कळण्याची जी जाण असते ती परत येते, आणि म्हातारपणी पडणं टाळायला तीच लागते. शिवाय वाटेवर वेग आपोआप कमी होतो, चढ आला की चालावंच लागतं. डोंगरातल्या शर्यतींत मोठमोठे धावपटूसुद्धा उभ्या चढावर चालतात, तिथे धावून वेळ वाचत नाही, नुसती चुडतां जळतात.

उतार मात्र फसवा. उतरताना दम अजिबात लागत नाही, म्हणून माणूस सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. उतरताना मांडीची मांसपेशी लांब होता होता ब्रेक मारत असते, त्यात तिच्या बारीक तंतूंना इजा होते आणि एक ते तीन दिवस दुखतं. याला लॅक्टिक ॲसिडचं नाव देतात ते चूक, ते तर तासाभरात निघून जातं. चांगली बातमी ही की एकदा दुखून बरं झालं की पुढच्या वेळी तोच उतार बराच कमी दुखवतो. म्हणून पहिल्यांदा छोटा उतार, लहान पावलं.

जांभ्याच्या सड्यावर सुटे खडे असतात ते पायाखाली गोट्यांसारखे फिरतात, आणि पावसात त्याच दगडावर शेवाळ धरतं, तिथे धावायचंच नाही, चालायचं. समुद्रकिनारा सगळ्यांना सोपा वाटतो पण सुक्या भुसभुशीत वाळूत दीडपटीहून जास्त ताकद लागते आणि टाचेच्या कंडरेवर ताण येतो, नवीन माणसाने ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर धावावं. तीही उतरती असते, एक पाय वर एक खाली, म्हणून जाताना जेवढं तेवढंच त्याच वाटेने परत.

आपली हवा

पुण्याचा भाऊ इकडे आला आणि म्हणाला तुमच्या गोव्यात माझा वेगच पडला. पडणारच. घाम येऊन अंग थंड होत नाही, घाम वाळला तर थंड होतं. आषाढात आपले कपडे दोरीवर तीन दिवस ओले राहतात, तसाच घामही. तो नुसता ओघळतो. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं गरमी बाहेर टाकायला, पायाला कमी पडतं, आणि त्याच वेगाला ठोका कितीतरी वर जातो. त्यामुळे मे महिन्यात घड्याळ तुम्हाला नापास करत असेल तर मनावर घेऊ नका.

शरीर गरमीला सरावतं, साधारण एक ते दोन आठवड्यांत, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तोवर पहाटे निघा, अंतर कमी ठेवा. पाणी तहान लागेल तेवढं. ढसाढसा लिटरवर लिटर साधं पाणी पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ पातळ होतं. आणि घरी आल्यावर आपली पेज, मीठ घालून, सोबत मिठातल्या तोराची, म्हणजे खारवलेल्या कैरीची, फोड. पाणी, मीठ, भात, तिन्ही गोष्टी एका वाडग्यात, रंगीत पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवायची गरज नाही. बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

एक गोष्ट गंभीरपणे, उन्हात सोबतचा माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला तर तो दमलाय असं समजू नका. सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं नसतं.

गुडघे झिजतात त्याचं काय

हा प्रश्न प्रत्येक घरात कोणीतरी मावशी विचारतेच. २०१७ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा मिळून आढावा निघाला होता, लाखाहून जास्त माणसांचा. हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, अजिबात न धावणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी झोकून देऊन धावणाऱ्यांत १३.३. यावरून धावण्यानेच गुडघे वाचले असं छातीठोक म्हणता येत नाही, ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत असतील असंही आहे. पण आपल्यासारख्या हौशी माणसाचे गुडघे धावून झिजतात याला तर काहीच आधार दिसत नाही. गुडघ्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात, दाबलं-सोडलं की स्पंजसारखं तिच्यात आजूबाजूचं द्रव जातं-येतं, त्यावर ती जगते. ज्यांना आधीच संधिवात आहे, सूज आहे, त्यांनी तपासून घ्या, त्यांच्यासाठी चालणं आहेच.

दुखण्याचं माझं साधं मोजमाप असं, धावताना थोडं जाणवलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालू ठेवा. लंगडायला लागलात, किंवा हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतंय, तर बंद आणि डॉक्टर. हाडाला केसाएवढी चीर गेलेली असू शकते.

वजन उतरेल का

थोडं, आणि हळू. एक किलोमीटर धावायला साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक कॅलरी लागते. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर ३५०, आणि एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. म्हणजे एका किलोला ११० किलोमीटर, तेसुद्धा ताटात काही वाढलं नाही तर. वजनकाटा बघून धावणारा माणूस दोन महिन्यांत सोडतो असा माझा अनुभव आहे. डलासच्या त्या पाच जणांचं वजन किती कमी उतरलं ते वर सांगितलंच.

शुगर असलेल्यांसाठी

यांनीच सगळ्यात आधी बाहेर पडावं असं मला कळकळीने वाटतं. साखर रक्तातून पेशीत जायला इन्सुलिनने दार उघडावं लागतं, डायबेटिसमध्ये ते दार अडकतं. पण मांसपेशी हलायला लागली की ती इन्सुलिनशिवाय दुसरं दार उघडते आणि साखर ओढून घेते, आणि नंतर दिवस-दोन दिवस पहिलं दारही जरा सैल राहतं. म्हणून एक दिवसाआड नियमित करण्याला अर्थ आहे, रविवारी एकदम तीन तास करून तो मिळत नाही.

काळजी दोन. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर धावताना साखर फार उतरू शकते, खिशात गुळाचा खडा किंवा साखर हवीच आणि डोसबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. आणि तळव्यांची जाणीव कमी झालेली असेल तर आल्यावर रोज पाय उजेडात बघायचे, खडा टोचला तरी कळत नाही. ज्यांना छातीत दडपण येतं, चक्कर येते, किंवा घरात लहान वयात कोणी हृदयाने गेलंय, त्यांनी आधी तपासणी, मग शूज.

रानात जाताना

सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मे, माकडतापाची भीती असते. २०१५ मध्ये तिथल्या पाळी गावात तो गोव्यात पहिल्यांदा सापडला. गोचीड चावून होतो. त्या दिवसांत त्या भागात पालापाचोळ्यातून धावू नका, माकड मेलेलं दिसलं तर लांब राहा आणि आरोग्य केंद्राला कळवा, मोजे लांब घाला, घरी आल्यावर अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ. नंतर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा, धोका असतो. सड्यावरच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो, ते दिसायला बारीक आणि मातीच्याच रंगाचं, म्हणून हात-पाय न बघता कपारीत घालायचा नाही आणि काळोखात टॉर्चशिवाय जायचं नाही.

म्हादई, मोलें, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याची परवानगी घेऊनच. कोणाच्या कुळागरातून वाट जात असेल तर भाटकाराला, म्हणजे मालकाला, विचारा, आमच्याकडे अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. एकटं जाऊ नका, बाया असोत की पुरुष, रेंज जाते तिथे मुरगळलेला घोटाही मोठा होतो. घरी सांगून जा कुठली वाट आणि किती वाजेपर्यंत.

फरक पडतोय हे कळणार कसं

एक वाट ठरवा, दोन-तीन किलोमीटरची, घराजवळची. महिन्यातून एकदा, त्याच वेळेला, साधारण तशाच हवेत, बोलता येईल त्याच श्रमात ती पुरी करा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. वेग वाढवायचा नाही, श्रम तेवढेच ठेवायचे. आणि सकाळी उठल्या उठल्या बिछान्यातच नाडी मोजा. दोन-तीन महिन्यांत मिनिटंही उतरतात, नाडीही उतरते, कारण हृदय एका ठोक्यात जास्त काम करायला लागलेलं असतं. माझी वाट कवळ्याच्या बाजूची आहे, पहिल्यांदा एकतीस मिनिटं लागली होती, आता तेवढ्याच श्रमात पंचवीस लागतात. टाच दुखत नाही. पायरीवर पंधरा वेळा टाचा वर-खाली करणं मात्र अजून चालू आहे, दात घासता घासता करून टाकतो.